क्षमा तुम्ही केलीत, पैसे मात्र मावशीचे गेले: पाळक साहेब आणि पंच कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळक साहेब आणि पंच कमिटीचे सर्व सभासद,

ख्रिस्तात सलाम.

हे पत्र आधी मी तुम्हाला बंद पाकिटात दिलं होतं. त्याचं उत्तर "प्रार्थना करा ताई, मन कडू होऊ देऊ नका" एवढंच मिळालं, तेही चर्चच्या दारात उभ्या उभ्या, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. कोणाचं नाव घेणार नाहीये, मंडळीचंही नाही. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, आणि ज्यांना नाही त्यांनीही वाचावं, कारण हे फक्त आपल्याच मंडळीत होतं असं मला वाटत नाही.

उपासना संपल्यावर सूचनांमध्ये, गायनवर्गाची वेळ आणि सहलीची वर्गणी यांच्या मधोमध, सेक्रेटरींनी वाचून दाखवलं की अमुक बंधूंनी (म्हणजे आपल्या माजी खजिनदारांनी) आपली चूक प्रभूपुढे कबूल केलेली आहे, कमिटीने त्यांना क्षमा केलेली आहे, ते पुन्हा कमिटीत काम पाहतील आणि तरुणांच्या शिबिरात 'तारण', म्हणजे पापातून सुटका, या विषयावर संदेश देतील, हा विषय इथे संपलेला आहे. संपलेला आहे हे कोणी ठरवलं? ज्यांचे पैसे गेले त्यातल्या एकालाही मीटिंगला बोलावलं नव्हतं.

माझा यात संबंध काय ते सांगते. पैसे गेलेल्यांपैकी एक माझी सख्खी मावशी आहे. काका गेल्यावर त्यांच्या नोकरीचे जे आले तेवढीच तिची जमा. हे बंधू तिच्या घरी प्रार्थनासभा घ्यायला यायचे, काकांच्या अंत्यविधीच्या वेळी सगळी धावपळ त्यांनीच केली होती (हे मी विसरलेले नाही, आणि मावशी तर नाहीच नाही, म्हणूनच तर तिने दिले), आणि धंद्यात लावतो, बँकेपेक्षा जास्त सुटतील, वर्षाने परत देतो असं सांगून घेऊन गेले. कागद केला नाही. विश्वासातल्या माणसाकडे कागद कसा मागायचा असं तिला वाटलं. नंतर कळलं की अशी अजून काही घरं आहेत, बहुतेक एकट्या बायका नाहीतर रिटायर्ड जोडपी, आणि धंदा बिंदा काही नव्हताच, सगळं जुनं कर्ज फेडण्यात आणि गाडीत गेलं. ही ऐकीव गोष्ट नाहीये, त्यांनी स्वतः तुमच्यापुढे कबूल केलंय आणि ते तुमच्या मिनिट्समध्ये आहे.

दुसरा संबंध असा की मी दृढीकरणाच्या वर्गाला शिकवते, म्हणजे बाप्तिस्मा झालेली मुलं स्वतः विश्वास कबूल करतात त्याच्या तयारीचा वर्ग, पंधरा सोळा वर्षांची मुलं. ती सूचना वाचली त्याच्या पुढच्या रविवारी आमचा धडा होता तारण. मी फळ्यावर लिहिलं, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, फुकट. मागच्या बाकावरून एकाने अगदी सरळ विचारलं, "टीचर, म्हणजे आधी घ्यायचं आणि मग रडायचं, मग सगळं ओके?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही कारण तो चेष्टा करत नव्हता, त्याच्या आजीचेही पैसे त्यात आहेत.

तर त्या मुलाला जे उत्तर मी देऊ शकते ते तुम्ही खोटं पाडताय, हे माझं म्हणणं आहे.

आधी गैरसमज नको. चांगली कामं करून तारण मिळतं असं मी म्हणत नाहीये. त्या बंधूंनी पैसे परत केले म्हणजे देव त्यांना आत घेईल आणि नाही केले तर दार लावेल, असला हिशोब मी मांडत नाहीये. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं ८ आणि ९ वचन आपल्यातल्या लहान पोरांनाही पाठ असतं, कृपेनेच तुमचं तारण झालंय, कर्मांनी नाही, कोणी बढाई मारू नये म्हणून. फक्त मला नेहमी नवल वाटतं की पाठांतर ९ ला का थांबतं. १० मध्ये लगेच लिहिलंय की आपल्याला सत्कर्मांसाठी निर्माण केलंय, आणि ती सत्कर्मं देवाने आधीच योजून ठेवलीयेत. म्हणजे कर्मांनी तारण नाही, पण तारण कशासाठी तर कर्मांसाठी. या दोन गोष्टींवरून चर्चची शेकडो वर्षं भांडणात गेली, जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये कॅथलिक चर्चपुढे पंचाण्णव मुद्दे मांडले तेव्हापासून, आणि शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग शहरात लुथरन आणि कॅथलिक अशा दोघांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या की तारण निव्वळ कृपेनेच, आणि सत्कर्मं हे त्याचं फळ. पुढे मेथडिस्ट चर्चनेही ते मान्य केलं. एवढ्या मोठमोठ्या चर्चेसना जे मान्य झालं ते आपल्या कमिटीला एका मीटिंगमध्ये मोडता आलं. फळाची वाटही न बघता त्यांनी झाड चांगलं असल्याचं सर्टिफिकेट देऊन टाकलं.

आणि ल्यूथर कशावरून पेटला होता ते तर पाळक साहेब तुम्हीच दर रिफॉर्मेशन संडेला, ल्यूथरच्या आठवणीच्या रविवारी, सांगता. पैसे घेऊन क्षमापत्रं विकली जात होती. आपल्याकडे उलटं झालंय, पैसे घेणाऱ्यालाच क्षमापत्र, तेही फुकटात.

आता तक्रारी.

पहिली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी. जी क्षमा तुमची नव्हती ती तुम्ही वाटली. मराठीत याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात, म्हण आपल्या वेदीवरची नाही पण चपखल बसते. तुम्ही मावशीला मत्तय १८ मधला तो दाखला ऐकवलात, धन्याने ज्याचं प्रचंड कर्ज माफ केलं तो चाकर बाहेर पडल्या पडल्या शंभर दीनारांसाठी दुसऱ्या चाकराचा गळा धरतो. तू तो निर्दयी चाकर होऊ नकोस, असं विधवा बाईला सांगितलंत. पण दाखला नीट वाचा ना. धनी जे कर्ज सोडतो ते त्याचं स्वतःचं असतं. त्याची तिजोरी रिकामी होते, शेजाऱ्याची नाही. आपली सगळी सुवार्ता यावरच तर उभी आहे की क्षमेची किंमत क्षमा करणाऱ्याने स्वतः सोसली, वधस्तंभावर, तिसऱ्या कोणाच्या माथी मारली नाही. तुम्ही मात्र धन्याच्या खुर्चीत बसलात आणि खिसा मावशीचा वापरलात.

प्रेषित पौलाने काय केलं बघा. फिलेमोनाला लिहिलेलं ते एका पानाचं पत्र. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, त्याच्यापासून दूर गेलेला, काही नुकसान करूनही गेला असावा, आणि आता विश्वासात आलेला. पौल म्हणतो याला भाऊ म्हणून स्वीकार. पण तो असं म्हणत नाही की याचा पश्चात्ताप झालाय, जुनं विसर. तो म्हणतो याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, आणि हे मी माझ्या हाताने लिहितोय. माझ्या खात्यावर मांड! तुम्हा सगळ्यांना त्या बंधूंना माफ करायचंच असेल तर अवश्य करा, माझी काही हरकत नाही, पण मग चेकबुक तुमचं काढा.

त्यात तो हात मिळवण्याचा प्रकार. त्या दिवशी त्यांनी पुढे येऊन साक्ष दिली, माईक हातात, डोळ्यातून पाणी, मी कसा भरकटलो आणि प्रभूने मला कसं उचललं. साक्ष बराच वेळ चालली आणि त्यात "मी भरकटलो" खूपदा आलं, कोणाकडून किती घेतले हे एकदाही आलं नाही, माझ्या मावशीचं नाव तर नाहीच. मग पाळक साहेब तुम्ही माईक घेऊन म्हणालात की आता आपल्या बहिणीने पुढे यावं आणि ख्रिस्ताच्या प्रेमाने हात मिळवावा. मावशी तिसऱ्या बाकावर होती. तिने आधी गीतपुस्तक बाकावर ठेवलं, मग परत उचललं, मग ते हातात घेऊनच उठली आणि पुढे गेली, आणि उजव्या हातात पुस्तक असल्यामुळे तिला डावा हात पुढे करावा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोटोही काढला आणि तो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "समेट" असं लिहून टाकला. अख्ख्या मंडळीसमोर नावाने पुकारल्यावर कोणती बाई नाही म्हणेल? जी नाही म्हणता येत नाही ती क्षमा नसते साहेब, ती वसुली असते.

दुसरी तक्रार, पश्चात्ताप तुम्ही रडण्यावरून मोजलात.

लूकच्या १९ व्या अध्यायातला जक्कय आपण लहानपणापासून ऐकतो, झाडावर चढलेला बुटका जकातदार. तो रडला असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलाय तो त्याचा हिशोब, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट. चौपट हा आकडाही त्याने हवेतून काढला नव्हता. जुन्या नियमशास्त्रात चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरामागे चार मेंढरं भरायची असतात, निर्गम २२. स्वतः कबूल केलं तर लेवीय ६ प्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, एवढ्यावरही भागलं असतं, आणि तेही ज्याचं त्याच्या हातात देऊन मग दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, आणायचं, आधी माणसाचं, मग वेदीचं. जक्कयाने स्वतःला सवलत घेतली नाही, चोराचा कडक नियम स्वतःला लावला. आणि आज या घराला तारण मिळालंय हे येशूचे शब्द त्यानंतर येतात. जक्कयाने तारण विकत घेतलं असं नाही, येशू त्याआधीच त्याच्या घरी उतरायला निघाला होता, लोक त्यावरून कुरकुरतही होते. पण तारण घरात आलं हे लोकांना कळलं कशावरून, तर पैसे घराबाहेर पडू लागले त्यावरून.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही तेच. अर्पण वेदीपाशी आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. इथे उठून जायचंय अर्पण आणणाऱ्याने. आपण दुखावलेल्या बाईलाच बाकावरून उठवून पुढे आणलं.

मला माहितीये इथे कोणीतरी येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचं उदाहरण देणार, कमिटीतल्या एकांनी मला दिलंच. त्या चोराने काय परत केलं? काहीच नाही, आणि त्याच दिवशी तो सुखलोकात गेला. बरोबर आहे. पण त्याचे हात खिळलेले होते. आपल्या बंधूंचे हात मोकळे आहेत, स्टिअरिंगवर आहेत, आणि ती गाडी दर रविवारी चर्चच्या आवारात झाडाखाली उभी असते, मावशी तिच्या बाजूने चालत बस स्टॉपला जाते.

आणखी एकांनी पेत्र या शिष्याचं उदाहरण दिलं, येशूला मी ओळखत नाही असं तो तीनदा म्हणाला, तोही रडला, त्यालाही प्रभूने परत घेतलं. घेतलं ना, पण समुद्राकाठी त्याला तीनदा एकच प्रश्न विचारून, जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा, बाकीच्या शिष्यांच्या देखत. त्या प्रश्नाने पेत्राला वाईट वाटलं असं योहानाने लिहून ठेवलंय. तुम्ही या बंधूंना एक तरी असा प्रश्न विचारलात का ज्याने त्यांना वाईट वाटलं?

तिसरी तक्रार घाईची आहे. माणूस बदलतो यावर माझा विश्वास आहे, नसता तर मी वर्गच घेतला नसता. आपल्याच मंडळीत एक काका होते, बाप्तिस्मा झाल्यावर दारू सोडली आणि मग काही वर्षं जुनी उधारी फेडत फिरले, काही लोकांनी त्यांना ओळखलंही नाही, काहींनी घ्यायला नकार दिला तर यांनी पैसे टेबलावर ठेवून पळ काढला. कमिटीने त्यांना कधी संदेश द्यायला उभं केलं नाही कारण त्यांना बोलता यायचं नाही. पण बदल वेळ घेतो, आणि कधी कधी फारच वेळ घेतो. जॉन न्यूटन घ्या, ज्याचं कृपेवरचं गीत जगभर गातात. १७४८ मध्ये जहाज वादळात सापडलं तेव्हा तो देवाकडे वळला. आणि त्यानंतर? त्यानंतरही तो गुलामांच्या जहाजांवर काम करत राहिला, कप्तान झाला, खाली माणसं साखळदंडात आणि वर हा बायबल वाचतोय, १७५४ पर्यंत. पाळक झाला १७६४ मध्ये. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी, आणि त्यात स्वतः काय पाहिलं, काय केलं ते लिहिलं. मग संसदेच्या चौकशीपुढे जाऊन सांगितलं. इंग्लंडमध्ये तो व्यापार कायद्याने बंद झाला त्याच वर्षी, १८०७ मध्ये, तो वारला. आता यातून दोन्ही गोष्टी निघतात. एक म्हणजे तारण झालेला माणूसही वर्षानुवर्षं भयंकर वागू शकतो, म्हणून मी त्या बंधूंच्या तारणाबद्दल काही बोलणार नाही, ते देवाला माहीत. दुसरी म्हणजे याच कारणासाठी नुसत्या "माझं तारण झालंय" यावर कोणाच्या हातात इतरांची जबाबदारी द्यायची नसते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याची यादी आहे, अदूष्य, द्रव्यलोभी नसलेला, आणि बाहेरच्या लोकांतही ज्याचं नाव चांगलं आहे असा. त्यात चांगली साक्ष देणारा असं कुठे नाहीये.

वचन येतं म्हणून वागणं येतंच असं नाही हे तर प्रयोगानेही दिसलंय. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. प्रिन्स्टनच्या सेमिनरीतले चाळीस विद्यार्थी, पुढे पाळक होणारे. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं, काहींना विषय दिला होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला याजक आणि लेवी टाळून जातात आणि परका शोमरोनी मदत करतो तो. वाटेत दारापाशी एक माणूस वाकून खोकत, कण्हत पडलेला, अर्थात ठरवून बसवलेला. चाळीसपैकी सोळा जण थांबले. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांच्यात तर दहापैकी एकच. भाषणाचा विषय शोमरोनी असल्याने काही खास फरक पडला नाही. मी हे वाचलं तेव्हा आधी राग आला आणि मग वाटलं, दाखल्यातला याजक आणि लेवीही असेच गेले असणार ना, देवळाच्या कामाच्या घाईत. वार्षिक सभा जवळ आलीये, शिबिर तोंडावर आहे, विषय मिटवून टाकू, ही आपली घाई.

चौथी तक्रार छोटी आहे पण मला सगळ्यात लागली. मावशीला तुम्ही कोर्टात जाऊ दिलं नाहीत. करिंथकरांस पहिल्या पत्रातला सहावा अध्याय दाखवलात, भावाने भावावर खटला भरायचा आणि तोही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे. दाखवलात तर पूर्ण दाखवा. पाचव्या वचनात पौल म्हणतो तुम्हाला लाज वाटावी म्हणून बोलतो, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आठव्यात म्हणतो तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही भावांना. तुम्ही निवाडाही करणार नाही आणि कोर्टातही जाऊ देणार नाही, मग तिने जायचं कुठे? शेजारच्या काकूंनी, ज्या आपल्या धर्माच्या नाहीत, तिला विचारलं तुमच्यात असं चालतं का हो? त्यांनी स्वतः दोनदा वकिलाचा नंबर आणून दिला. नियमशास्त्र नसलेल्यांच्या हृदयात ते लिहिलेलं असतं असं रोमकरांस पत्रात वाचलं होतं, या काकूंच्या रूपाने ते दिसलं.

आता ते, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

त्या बंधूंना मी स्वतः जाऊन भेटले. म्हटलं एका कागदावर लिहून द्या, एवढे घेतले, एवढ्या एवढ्या हप्त्यांनी देईन, खाली सही. ते म्हणाले लिहून देणं धोक्याचं आहे, वकिलाने नको सांगितलंय, आणि नाव खराब होईल, मुलीचं लग्न व्हायचंय. कमिटीनेही मला तेच सांगितलं, उघड केलं तर मंडळीची बदनामी होईल. दोघांचं कारण एकच, नाव. आणि इथे मला कळेनासं होतं. आपण शिकवतो काय? की तुझं पाप कितीही मोठं असो, ते ख्रिस्तावर ठेवलं गेलंय, आता तुझ्यावर दंडाज्ञा नाही, देवाने तुला स्वीकारलंय ते तुझ्या नावावरून नाही. मग ज्याने हे खरंच धरलंय त्याला कशाची भीती? सगळ्यात मोठ्या न्यायाधीशाने सोडल्यावर माणूस आरामात म्हणू शकतो, हो, मी घेतले, एवढे घेतले, हा घ्या कागद. विश्वासाने माणसाच्या वागण्यात फरक पडतो तो माझ्या मते मुख्यतः इथे पडतो. नरकाच्या भीतीने चोरी टाळणारा माणूस पकडला गेला की लपवतो, कारण भीतीची ती सवयच असते. कृपेने जगणाऱ्याला लपवायचं कारण उरत नाही. म्हणून रोमकरांस पत्रात, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न येतो तेव्हा पौल चिडून म्हणतो कधीच नाही. तीताला लिहिताना तर तो म्हणतो कृपाच आपल्याला शिकवते, अभक्तीला नाही म्हणायला आणि नीतीने वागायला. जी शिकवत नाही, नुसती झाकते, तिला जर्मनीतल्या त्या बोनहॉफर पाळकाने स्वस्त कृपा म्हटलं होतं, पाळक साहेब तुम्हीच त्याच्यावर एक अख्खा संदेश दिला होता, ९ एप्रिल १९४५ ला नाझींनी त्याला फाशी दिली इथपर्यंत. तो संदेश मी वहीत उतरवून घेतलाय, हवा असेल तर परत देते.

आणि बदनामीचं म्हणाल तर दावीद राजाची काय कमी झाली, ज्याने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं? नाथान संदेष्टा सरळ तोंडावर म्हणाला तो माणूस तूच आहेस. देवाने त्याचं पाप दूर केलं हेही त्याच भेटीत सांगितलं, आणि परिणाम भोगावे लागतील हेही त्याच भेटीत. शिवाय ते सगळं लिहून ठेवलं, तीन हजार वर्षं लोक वाचतायत. शास्त्र लिहिणाऱ्यांना आपल्या राजाच्या बदनामीची एवढी काळजी नव्हती जेवढी तुम्हाला एका माजी खजिनदाराची आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत, लपवाछपवी काही नाही.

१. ज्यांचे ज्यांचे पैसे घेतलेत त्या प्रत्येकाची रक्कम आणि परतफेडीची तारीख त्या बंधूंनी लेखी द्यावी, कमिटीच्या दोन सभासदांच्या सहीने. चौपट कोणी मागत नाहीये. मुद्दल द्या. गाडी विकायची की कसं ते त्यांनी बघावं.

२. पूर्ण परतफेड होईपर्यंत त्यांना कमिटीत, व्यासपीठावर आणि पैशाच्या कुठल्याही कामात घेऊ नये. शिबिरातला तो संदेश रद्द करावा. त्यांना मंडळीतून काढा असं मी म्हणत नाहीये. उपासनेला यावं, बाकावर बसावं, घरी कोणी आजारी पडलं तर आम्हीच जाऊ.

३. मावशीला पुढे बोलावून हात मिळवायला लावलात त्याबद्दल पाळक साहेबांनी तिच्या घरी जाऊन माफी मागावी, आणि ग्रुपवरचा तो फोटो काढावा. माफी दिली पाहिजे असा आग्रह मात्र तिथे करू नये.

४. पुढे कमिटीतल्या किंवा पाळकपदावरच्या कोणीही सभासदांकडून उसने, ठेव, गुंतवणूक असं काही घ्यायचं नाही असा ठराव वार्षिक सभेत करावा, आणि मंडळीचे हिशोब बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून नोटीस बोर्डावर लावावेत. हे नियम मोडणारा माणूस वाईटच असेल असं नाही, पण सेमिनरीतले विद्यार्थीही घाईत असले की थांबत नाहीत हे वर आलंच आहे.

५. मावशी किंवा इतर कोणी वकिलाकडे गेलं तर त्यांना अविश्वासी, कडू मनाचे असलं काही म्हणायचं नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. "आमच्या एका बहिणीचं मन मऊ कर" अशी माईकवरची प्रार्थना कोणासाठी होती हे सगळ्यांना कळलं होतं.

उत्तर लेखी हवंय, आणि जिथे ती सूचना वाचली तिथेच, सूचनांच्या वेळी वाचलं जावं. वार्षिक सभेपर्यंत थांबेन. त्यानंतर मी मावशीबरोबर वकिलाकडे जाणार आहे, आणि त्या मुलाची आजीही येतो म्हणालीये. तोवर वर्ग चालूच राहील. या रविवारी पाठांतर इफिसकरांस २, वचन ८ ते १० आहे.

आपली,
दृढीकरण वर्गाची शिक्षिका